‘इकारी’ या जपानी गुन्हेपटातील वैविध्य आणि प्रतिनिधित्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ली सांग-इल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘इकारी’ (२०१६) या चित्रपटात कोणत्या समाजगटांना स्थान मिळाले, कोणाला मिळाले नाही आणि मिळालेले स्थान न्याय्य आहे का, याविषयी वाचक सातत्याने विचारणा करत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर विवेचन दुसऱ्या उत्तरात असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘इकारी’ची कथा थोडक्यात काय आहे?

तोक्योच्या हाचिओजी भागातील एका घरात पती-पत्नीचा खून होतो आणि भिंतीवर रक्ताने ‘क्रोध’ या अर्थाचे एकच अक्षर लिहिलेले आढळते. खुनी शस्त्रक्रियेने चेहरा बदलून फरार होतो. वर्षभरानंतर तीन ठिकाणी, ज्यांचा पूर्वेतिहास कोणालाच माहीत नाही असे तीन तरुण आपल्यासमोर येतात. तोक्योत युमा (सातोशी त्सुमाबुकी) या नोकरदार समलिंगी तरुणाला नाओतो (गो आयानो) भेटतो. चिबाच्या मासेमारी बंदरात योहेइ (केन वातानाबे) याची मुलगी आइको (आओइ मियाझाकी) ही ताशिरो (केनइची मात्सुयामा) याच्या प्रेमात पडते. ओकिनावात मुख्य भूमीवरून नुकतीच राहायला आलेली इझुमी (सुझु हिरोसे) आणि तिचा स्थानिक मित्र तात्सुया (ताकारा साकुमोतो) यांची एका निर्जन बेटावर राहणाऱ्या तानाकाशी (मिराइ मोरियामा) ओळख होते. या तिघांपैकी खुनी कोण, हा प्रश्न १४२ मिनिटे ताणलेला राहतो. शुइची योशिदा यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला असून संगीत र्युइची साकामोतो यांचे आहे.

२. मी चित्रपट अजून पाहिलेला नाही. ही उत्तरे वाचून रहस्य कळेल का?

प्रश्न ४, १०, ११ आणि १४ यांच्या उत्तरांत कथेचे शेवटचे धागे उघड केले आहेत. उरलेली उत्तरे चित्रपट पाहण्यापूर्वी वाचण्यास हरकत नाही. प्रतिनिधित्वाची चर्चा शेवट बाजूला ठेवून पूर्ण होत नाही, कारण कोणत्या पात्राला निर्दोष ठरण्याची संधी मिळते आणि ती केव्हा मिळते, यावरच या चित्रपटाची नैतिक बाजू उभी आहे.

३. जपान तर एकाच वंशाचा, एकाच भाषेचा देश आहे. तिथल्या चित्रपटात वैविध्याचा प्रश्न येतोच कुठे?

ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि जपानमध्येही ती दीर्घकाळ जोपासली गेली. परंतु ती वस्तुस्थितीला धरून नाही. होक्काइदोतील आइनू हे आदिवासी असल्याचे जपानी संसदेने २००८ साली ठरावाद्वारे आणि २०१९ साली कायद्याने मान्य केले. ओकिनावा हे १८७९ साली जपानने विलीन करून घेईपर्यंत र्युक्यू नावाचे वेगळे राज्य होते आणि तेथील भाषा जपानी भाषेच्या बोली म्हणून दडपल्या गेल्या. कोरिया जपानची वसाहत असताना आलेल्या कोरियन लोकांचे वंशज आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकू समाजाविषयीचा भेदभाव विवाहाच्या आणि नोकरीच्या वेळी अजूनही डोके वर काढतो, आणि जातिव्यवस्थेचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला त्याचे स्वरूप समजावून सांगावे लागणार नाही.

‘इकारी’ प्रदर्शित झाला ते २०१६ हे वर्षही या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमलात आला, परदेशी मूळ असलेल्यांविरुद्धच्या द्वेषमूलक भाषणांसंबंधीचा कायदा जूनमध्ये आणि बुराकू भेदभाव निर्मूलनाचा कायदा डिसेंबरमध्ये. ज्या देशात वैविध्यच नाही त्या देशाला एकाच वर्षात असे तीन कायदे लागू करावे लागत नाहीत.

४. समलिंगी जोडप्याचा वापर केवळ संशय वाढवण्यासाठी केला आहे, असे नाही का? (शेवट उघड)

आक्षेप गंभीर आहे, कारण गुन्हेपटांत समलिंगी पात्र बहुधा विकृत खुनी, दुबळा बळी किंवा हास्यविषय म्हणून येते. ‘इकारी’ने यांपैकी एकही साचा वापरलेला नाही. युमा आणि नाओतो यांच्यातील जवळीक अनोळखी शरीरसंबंधातून सुरू होते आणि हळूहळू स्वयंपाक, आजारी आईची भेट, रात्रीच्या गप्पा अशा रोजच्या संसारात रूपांतरित होते. मरणपंथाला लागलेल्या युमाच्या आईजवळ नाओतो जाऊन बसतो. युमा घरच्यांना जे सांगू शकत नाही ते त्या भेटींतून न बोलता घडते. थडग्याविषयीचा त्यांचा संवाद तर या विभागाचा गाभा आहे. जपानमध्ये थडगे घराण्याचे असते आणि ते वंशपरंपरेने सांभाळले जाते. ज्यांचे नाते कागदोपत्री अस्तित्वातच नाही, अशा दोघांनी एका थडग्यात नाही तरी शेजारी-शेजारी असावे, अशी इच्छा बोलून दाखवणे हे कोणत्याही घोषणेपेक्षा मोठे राजकीय विधान आहे.

नाओतो निर्दोष असतो. त्याला हृदयविकार असतो आणि तो एकटाच मरण पावतो. पोलिसांचा फोन येतो तेव्हा युमा, आपण या माणसाला ओळखत नाही, असे सांगून मोकळा होतो. येथे चित्रपट युमाला माफ करत नाही, पण त्याला खलनायकही ठरवत नाही: ज्याला आयुष्यभर नाते लपवण्याची सवय लावली गेली आहे, तो संकटाच्या क्षणी तेच करतो. समलिंगी पात्राने शेवटी मरण्याचा जुना साचा मात्र येथे पुन्हा आलेला आहे, आणि या बाबतीत टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. ताशिरोला परत येण्याची संधी मिळते. नाओतोला ती मिळत नाही.

५. जपानमध्ये समलिंगी संबंध गुन्हा होते का? नसतील तर युमा कशाला लपवतो?

एकोणिसाव्या शतकातील काही थोडी वर्षे सोडली तर जपानमध्ये समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा नव्हते. भारताच्या दंडविधानातील कलम ३७७ सारखी तलवार तेथे डोक्यावर टांगलेली नव्हती, आणि म्हणून अनेकांचा असा समज होतो की तेथे अडचणच नाही. वास्तवात शिक्षा नसली तरी मान्यताही नाही. तोक्योतील शिबुया आणि सेतागाया या प्रभागांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या वर्षभरही आधी नाही, समलिंगी जोडीदारांना प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. परंतु त्या प्रमाणपत्राने वारसाहक्क मिळत नाही. राष्ट्रीय पातळीवर विवाहाचा अधिकार तेव्हा नव्हता. विवाहास मान्यता न देणे घटनाबाह्य आहे, असा पहिला निकाल साप्पोरो जिल्हा न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. युमा मित्रांच्या वर्तुळात मोकळा असतो आणि बाहेर मूक असतो. पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा नोकरीतील आणि नातलगांतील स्थान घसरण्याची भीती त्याच्या मौनामागे आहे.

६. या भूमिका समलिंगी नटांनाच द्यायला नको होत्या का?

नटांच्या खासगी आयुष्याविषयी तर्क करणे मला योग्य वाटत नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. खरा प्रश्न उद्योगाचा आहे. ज्या चित्रपटसृष्टीत एखाद्या नटाने स्वतः समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणे व्यवसायाच्या दृष्टीने जोखमीचे असते, तेथे ‘खरे’ प्रतिनिधित्व मागण्याआधी ती जोखीम कमी होणे आवश्यक आहे. त्सुमाबुकी आणि आयानो यांनी तयारीसाठी काही काळ एकत्र राहून ही भूमिका घडवली, आणि त्याचा परिणाम त्यांच्या छोट्या छोट्या हालचालींत दिसतो: एकमेकांच्या वस्तू न विचारता उचलणे, पाठमोरे राहून बोलणे, शांत राहण्याचा संकोच नसणे. या भूमिकेसाठी त्सुमाबुकी यांना जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता; परंतु त्यामुळे मूळ प्रश्न मिटला असे मानू नये.

७. आइको ‘मंदबुद्धी’ आहे का? चित्रपट तिच्याविषयी नेमके काय सांगतो?

हा शब्द चित्रपट वापरत नाही आणि कोणतेही वैद्यकीय निदानही सांगत नाही. आपणही तो वापरू नये. आइको इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे, चटकन विश्वास ठेवते आणि गावातले लोक तिच्याविषयी कुजबुजतात, एवढेच आपल्याला दिसते. ती घर सोडून तोक्योच्या काबुकिचो भागात लैंगिक व्यवसायात गेलेली असते आणि तिचा बाप तिला परत घेऊन येतो.

या विभागातील सर्वांत धारदार गोष्ट योहेइच्या मनात घडते. आपल्या मुलीवर प्रेम करणारा तरुण आला की त्याला आनंद होण्याऐवजी शंका येते: हिला असा चांगला माणूस मिळेलच कसा? ताशिरोवरील संशयाच्या मुळाशी स्वतःच्या मुलीविषयीचे हे हीन मत आहे, आणि ते त्या मायाळू बापाला कळते तेव्हा केन वातानाबे यांचा चेहरा पाहवत नाही. अपंगत्वाचे चित्रण बहुतेक वेळा परक्यांच्या क्रूरतेपाशी थांबते. घरातील प्रेमात मिसळलेली अवहेलना दाखवण्याचे धैर्य येथे आहे. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोन महिन्यांहून कमी काळ आधी, २६ जुलै २०१६ रोजी, सागामिहारा येथील अपंगांच्या निवासगृहात १९ जणांची हत्या झाली आणि कुटुंबीयांच्या इच्छेनुसार पोलिसांनी मृतांची नावे जाहीर केली नाहीत. चित्रपटाचा त्या घटनेशी संबंध नाही. तरीही अपंग व्यक्तीविषयी तिच्या घरच्यांनाही मौन पाळावेसे वाटते, हे वास्तव दोन्हींकडे एकच आहे.

८. तिसरी कथा ओकिनावातच का ठेवली आहे? दुसरे कोणतेही बेट चालले नसते का?

चालले नसते. जपानच्या भूभागाचा केवळ ०.६ टक्के हिस्सा असलेल्या ओकिनावात, केवळ अमेरिकी लष्कराच्या वापरासाठी राखलेल्या तळांच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. हा प्रदेश १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होता. १९९५ साली तीन अमेरिकी सैनिकांनी १२ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, तेव्हा गिनोवान येथील निषेध सभेस आयोजकांच्या अंदाजानुसार ८५,००० लोक जमले. २०१६ च्या वसंतात उरुमा येथील एका २० वर्षांच्या तरुणीच्या हत्येप्रकरणी तळावर काम करणाऱ्या एका माजी अमेरिकी मरीन सैनिकाला अटक झाली. प्रेक्षक सप्टेंबरमध्ये ‘इकारी’ पाहायला गेले तेव्हा ही जखम ओली होती.

चित्रपटात नाहा शहरात अमेरिकी सैनिक इझुमीवर बलात्कार करतात आणि तात्सुया भीतीने लपून राहतो. मुख्य प्रवाहातील, मोठ्या तारकांच्या जपानी चित्रपटाने हा विषय इतक्या थेटपणे घेणे दुर्मीळ आहे. तात्सुयाची भूमिका ओकिनावाच्याच ताकारा साकुमोतो या नवोदिताला चाचणीतून दिली गेली, हा निर्णयही मोलाचा ठरला. त्याच्या उच्चारांतून आणि अवघडलेपणातून जे बेट दिसते, ते पर्यटनाच्या जाहिरातींतील निळ्या समुद्राहून फार वेगळे आहे. तळांविरुद्धच्या निदर्शनांत सहभागी होणाऱ्या बापाकडे पाहताना यातून खरेच काही बदलते का, असा प्रश्न त्या मुलाला पडतो. चळवळीच्या घरात वाढलेल्या पुढच्या पिढीचा थकवा त्या एका प्रसंगात नेमका पकडला आहे.

९. अमेरिकी सैनिकांना असे चेहरा नसलेले खलनायक दाखवणे हाही वंशद्वेषच नाही का?

त्या सैनिकांना नाव, संवाद किंवा पूर्वकथा नाही, हे खरे आहे. मात्र चित्रपट त्यांच्या वंशाविषयी कोणतेही विधान करत नाही. कॅमेरा इझुमी आणि तात्सुया यांच्या बाजूला आहे आणि हल्ला झालेल्या व्यक्तीला हल्लेखोराची पूर्वकथा माहीत असण्याचे कारण नाही. जबाबदारी येथे लष्करी तळांच्या व्यवस्थेवर येते. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो प्रश्न ११ च्या उत्तरात मांडला आहे.

१०. इझुमी पोलिसांत का जात नाही? आज हे पटत नाही. (शेवटाचा काही भाग उघड)

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाचा कायदा लक्षात घ्यावा लागेल. जपानचा १९०७ सालचा दंडविधान बलात्काराला सामान्यतः, पीडितेने स्वतः फिर्याद दिल्याखेरीज खटला उभा राहू शकत नाही असा गुन्हा मानत होता. ही अट जुलै २०१७ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर दहा महिन्यांनी, रद्द झाली. संमतीचा मुद्दा केंद्रस्थानी आणणारी आणि संमतीचे वय १३ वरून १६ वर नेणारी दुरुस्ती तर २०२३ साली आली. याखेरीज आरोपी अमेरिकी सैनिक असल्यास १९६० च्या जपान-अमेरिका करारानुसार कोठडीचे प्रश्न वेगळ्या पद्धतीने हाताळले जातात. शाळकरी मुलीने, स्वतःच फिर्यादी होऊन, परक्या लष्कराच्या माणसांविरुद्ध उभे राहावे, अशी ती अपेक्षा होती. कोणालाही सांगू नका, ही तिची विनवणी या पार्श्वभूमीवर ऐकावी.

तात्सुया ते गुपित पाळतो आणि अखेरीस तानाकाला भोसकतो, तेव्हाही त्यामागचे कारण पोलिसांना सांगत नाही. दोन मुलांनी सांभाळलेले हे मौन चित्रपटातील सर्वांत जड ओझे आहे.

११. खुनी कोण आणि त्याच्या क्रोधाचे कारण काय? त्यात वर्गाचा प्रश्न आहे का? (शेवट उघड)

खुनी तानाका आहे. तो रोजंदारीवर कामाला पाठवला जाणारा कंत्राटी कामगार असतो. रणरणत्या उन्हात चुकीच्या पत्त्यावर पाठवला गेल्याने तो एका घराच्या दाराशी बसलेला असतो आणि त्या घरातील बाई त्याला दयेने थंड चहा देते. ती दयाच त्याला असह्य होते. जपानमध्ये १९९९ आणि २००४ च्या कायदेबदलांनी कंत्राटी कामगार पाठवण्याची मुभा फार विस्तारली आणि ज्याला ना कायमची नोकरी ना घर, असा तरुणांचा मोठा वर्ग तयार झाला. या वर्गाचे चित्रण गुन्हेपटात येणे महत्त्वाचे आहे. पण त्याचा प्रतिनिधी नेमका खुनीच असावा, हे मला अस्वस्थ करते. चित्रपट त्याची गरिबी सांगतो, पण गुन्ह्याचे समर्थन म्हणून नव्हे. तरीही संतापलेला बेघर कामगार म्हणजे धोका, हा मध्यमवर्गीय समज त्यामुळे पक्का होऊ शकतो.

ओकिनावाविषयीचा माझा आक्षेपही येथेच आहे. इझुमीवरील अत्याचाराची थट्टा करणारे शब्द तानाकाने भिंतीवर खरडलेले असतात आणि तात्सुयाला ते सापडल्याने रहस्य उलगडते. अशा रीतीने एका मुलीवरील अत्याचार हा दोन पुरुषांमधील संघर्षाचा धागा बनतो. इझुमी शेवटी बेटाच्या किनाऱ्यावर आकांत करते, पण कथेची चावी तिच्या हातात नसते. युमाला आणि योहेइला स्वतःच्या चुकीपर्यंत पोचण्यासाठी जेवढा अवकाश दिला, तेवढा इझुमीला तिच्या दुःखासाठी मिळालेला नाही.

१२. दिग्दर्शक कोरियन वंशाचे आहेत, तरी चित्रपटात एकही कोरियन पात्र का नाही?

ली सांग-इल यांचा जन्म १९७४ साली निइगाता येथे झाला आणि ते जपानमधील कोरियन समाजाच्या तिसऱ्या पिढीतील आहेत. एप्रिल १९५२ मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरचा शांतता करार अमलात येताच या समाजाचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आले होते. ली यांनी चित्रपट शाळेच्या पदविकेसाठी केलेला ‘चाँग’ हा चित्रपट जपानमधील कोरियन शाळेतल्या मुलांविषयीच होता, आणि २०१३ च्या ‘युरुसारेझारु मोनो’मध्ये त्यांनी होक्काइदोतील आइनूंवरील अन्याय कथेत आणला. अल्पसंख्य दिग्दर्शकाने प्रत्येक कृतीत आपल्याच समाजाविषयी बोलले पाहिजे, ही अपेक्षा त्याच्यावर नवे बंधन लादते. तुझी कागदपत्रे कुठे आहेत, तुझे खरे नाव काय, या प्रश्नांना सामोरे जाणाऱ्या तीन माणसांची कथा त्यांनी निवडली, यातच त्यांचा अनुभव पुरेसा उतरला आहे असे मला वाटते.

१३. मग या चित्रपटातून कोण पूर्णपणे वगळले गेले आहे?

स्थलांतरित कामगार आणि विद्यार्थी. २०१६ अखेरीस जपानमध्ये सुमारे २३ लाख ८० हजार परदेशी रहिवासी होते. तोक्योच्या दुकानांत आणि बंदरांवरील मासळी उद्योगांत व्हिएतनामी, चिनी, नेपाळी माणसे नित्याची होती. चित्रपटातील तोक्योत आणि चिबाच्या बंदरात ती दिसत नाहीत.

कथेच्या उगमाशीही एक असाच बदल झालेला आहे. २००७ साली चिबा प्रांतात इंग्रजी शिकवणाऱ्या एका ब्रिटिश तरुणीची हत्या झाली. आरोपी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून, काही काळ ओकिनावाच्या एका लहान बेटावर लपून, अडीच वर्षांहून अधिक काळ फरार राहिला. त्या काळात लोकांनी पोलिसांकडे, आपल्या ओळखीचाच माणूस तो असावा, अशा खबरांचा जो ओघ लावला, त्यातून योशिदा यांना कादंबरी सुचली. कादंबरीत आणि चित्रपटात मात्र बळी पडलेले जोडपे जपानी आहे. खऱ्या व्यक्तीच्या मृत्यूचा वापर टाळण्याचा संकोच मी समजू शकतो, परंतु परदेशी स्त्रीचे अस्तित्व त्यामुळे कथेतून निघून गेले.

१४. तिघांपैकी एक अनोळखी माणूस खुनी निघालाच. म्हणजे संशय घेणे बरोबरच होते ना? (शेवट उघड)

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि चित्रपट त्याला सोपे उत्तर देत नाही. ज्यांच्यावर संशय घेतला गेला ते दोघे निर्दोष निघतात. ज्याच्यावर तात्सुयाने मनापासून विश्वास टाकला तोच खुनी निघतो. नाओतो अनाथाश्रमात वाढलेला असतो आणि ताशिरो आईवडिलांच्या कर्जासाठी मागे लागलेल्या गुंडांपासून नाव बदलून पळत असतो. दोघांनाही आपले सत्य सांगण्याइतके सुरक्षित वाटलेले नसते. फरारी आरोपीच्या छायाचित्रात तिघांचेही चेहरे थोडे थोडे दिसावेत, अशी रचना मुद्दाम केलेली आहे, आणि आपण प्रेक्षक ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याचे कारण पुराव्यापेक्षा आपल्या पूर्वग्रहात अधिक सापडते. आइको स्वतः पोलिसांना फोन करते. बोटांचे ठसे जुळत नाहीत. संशय येणे तिच्या हातात नव्हते, पण त्यानंतर ताशिरोला परत आणायला जाणे होते, आणि ती जाते.

१५. अशा विषयांचे याआधीचे जपानी गुन्हेपट कोणते पाहावेत?

नागिसा ओशिमा यांचा ‘कोशिकेइ’ (१९६८) सर्वप्रथम पाहावा. १९५८ च्या एका प्रकरणात फाशी झालेल्या कोरियन तरुणावरून सुचलेला हा चित्रपट मृत्युदंड आणि वंशभेद यांना एकाच खोलीत आणतो. मासातो हारादा यांच्या ‘कामिकाझे टॅक्सी’मध्ये (१९९५) कोजी याकुशो यांनी पेरूमधून परतलेल्या जपानी वंशाच्या टॅक्सीचालकाची भूमिका केली आहे, १९९० च्या स्थलांतर कायद्यातील बदलानंतर अशा हजारो कुटुंबांचे जपानमध्ये येणे वाढले होते. समलिंगी पात्रांसाठी ताकाशी इशिई यांचा ‘गोनिन’ (१९९५) पाहता येईल, मात्र त्यातील हिंसा फार आहे.

१६. घरच्यांसोबत किंवा विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवता येईल का?

लहान मुलांसोबत पाहू नये. लैंगिक प्रसंग, रक्तपात आणि विशेषतः प्रश्न ८ मध्ये उल्लेख केलेला अत्याचाराचा प्रसंग दीर्घ आणि त्रासदायक आहे. महाविद्यालयीन गटाला दाखवायचा असल्यास तो प्रसंग येणार असल्याची पूर्वसूचना सर्वांना द्यावी, कोणी मध्येच उठून गेल्यास कारण विचारू नये आणि चर्चेसाठी किमान एक तास राखून ठेवावा. चर्चेची सुरुवात ‘तुम्हाला खुनी कोण वाटला आणि का?’ या प्रश्नाने केल्यास विद्यार्थी स्वतःची कारणे स्वतःच तपासू लागतात.